मनुबाईच्या कानातली शिट्टी

मनुबाईच्या डाव्या कानात सात वर्षं शिट्टी वाजत होती. कुणीतरी शांत राहायला सांगितलं म्हणून तिने मासळीबाजारातला ओटा सुनेला दिला आणि दारं लावून घरात बसली, तर शिट्टीला आणखीच चेव आला. बाई अगदी रडकुंडीला आली होती.

१९९८ साली ठाण्यातल्या एका इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी निघाली. डोक्यावर चुंबकाचं वेटोळं धरायचं आणि बाहेरूनच मेंदूला चालना द्यायची. चिरफाड नाही, सुई नाही. मनुबाई पहिल्याच दिवशी नवऱ्याला, दामाजीला, घेऊन हजर झाली.

"अंगावर धातू चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळे दागिने काढा."

"मंगलसूत्र पन?"

"तेही."

"घरवाला जित्ता बसलाय ना बाहेर."

डॉक्टरांनी पाऊण तास समजावलं. शेवटी तोडगा तिनेच काढला. सोनं टेबलावर नाही, दामाजीच्या अंगावर राहील. तिने त्याच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, वर पुतळ्यांची माळ, मनगटात बसतील तेवढ्या बांगड्या, आणि आत गेली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून दामाजीचे डोळे सारखे पाझरत. तसा तो बाकावर बसलेला असताना गुडघ्याचं औषध न्यायला शेजारीण आवडाबाई आली. बाजारात सगळ्यात मोठा आवाज हिचा.

"मनू कुठं हाय?"

"आत." दामाजीने डोळे पुसले. "सगलं काढून दिलं माज्यापाशी."

नवरा असताना बाईचं मंगळसूत्र कधी उतरतं, हे आवडाबाईला विचारावं लागलं नाही. गुडघा विसरून ती चेंदणी कोळीवाड्याकडे धावत सुटली.

आत मनुबाईच्या डोक्यावर बराच वेळ टकटक झाली.

"आता शिट्टी दहापैकी किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ."

"आधी?"

"आठच." एवढी आशा धरून आलेली बाई, तिला भडभडून आलं.

पदराने तोंड पुसत तिने दार उघडलं. बाहेर चाळीस बायका तिच्या नावाने गळा काढत होत्या. दामाजी मधोमध उभा राहून काहीतरी सांगू पाहत होता, पण त्याची समजूत घालण्यातच सगळ्या गुंतलेल्या. आवडाबाईला ती आधी दिसली. तिचा सूर घशातच अडकला आणि पाठोपाठ एकेक करत सगळ्या गप्प झाल्या.

मनुबाईने चटकन कानावर हात ठेवला.

"थांबू नका गो," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "रडा अजून. तुमच्या आवाजात शिट्टी गेलेली माजी."

दुसऱ्या दिवशी अंगभर सोनं घालून मनुबाई बाजारात परतली. जुना ओटा तिने सुनेकडेच राहू दिला. स्वतःसाठी मात्र आवडाबाईच्या शेजारचा मागून घेतला.