देठाची कडी

आमच्या वस्तीतलं अन्न संपलं की सगळ्यांनी एकमेकांना चिकटून एक बुरशी व्हायचं, असा नियम आहे. कुजक्या लाकडावर येते ना, तशीच. खाली देठ, वर बोंड. देठात जातात ते उभ्या उभ्या वाळून मरतात. बोंडातले बीज होऊन वाऱ्यावर दुसऱ्या गावी जातात, आणि तिथे अन्न मिळालं की पुन्हा माणसं होऊन चूल मांडतात.

परवा शेवटचे तांदूळ संपले. मैदानात सगळे गोळा झालो. पंचायतीचे खोपकरसाहेब एकेकाच्या पोटावर हात ठेवून जागा सांगत होते. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "शेवंताबाई, देठ." माझ्या धाकट्या भावाला, वामनला म्हणाले, "बीज."

"अहो, एका आईची लेकरं आम्ही! ह्याचं डीएनए काय सोन्याचं आहे?"

"डीएनए इथे सगळ्यांचं एकच आहे, अक्षरन् अक्षर," साहेब म्हणाले. "देठ कसा करायचा, बीज कसं करायचं, दोन्ही तुमच्याही अंगात लिहिलंय. फक्त प्रत्येक मजकुराच्या आधी थोडी अक्षरं असतात, ती कडीचं काम करतात. पोट रिकामं असलं की देठाची कडी निघते. भरलेलं असलं की बीजाची."

"मग रिकामं का आहे, तेही विचारा की!"

आमच्यात थोरल्या बहिणीनं सगळ्यांच्या मागून जेवायचं असतं. आई गेल्यापासून वामनला मीच वाढत आले. उरली तर भांड्याची खरवड माझी. शेवटी शेवटी तीही त्यालाच दिली, मला भूक नाही म्हणून सांगितलं.

"कारण विचारायची सोय कडीला नाही, बाई. पुढे सरका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वामन, अरे, तू तरी सांग ना ह्यांना!"

"आता सांगून तुझं पोट भरणार आहे का, अक्के?" वामन म्हणाला. "नियमच आहे तो."

तोवर माझे पाय कडक व्हायला लागले होते. बीजवाले आमच्या खांद्यांवर पाय देऊन वर चढू लागले. वामन माझ्याच खांद्यावरून चढला. काय जड झालाय मेला!

गार वारा सुटला तशी वरून त्याची हाक आली.

"अक्के, हलू नकोस ना गं! आणि तिकडे मला वाढणार कोण?"

मी गळ्यापर्यंत वाळले होते. मी ताठ उभी राहिले.