लाजेचे वतनदार

आमच्या विद्यापीठात भूगोल शिकवणारे चौगुले सर कधी कुणावर रागावले नाहीत. ते लाजायचे, आणि तेही दुसऱ्याच्या वतीने. रिकाम्या वर्गात पंखे गरगरताना दिसले, कुणी पालापाचोळ्याला काडी लावली, की सर त्या माणसाला शोधून काढत, समोर उभे राहत आणि हळू आवाजात सांगत, "तुमच्या वतीनं मला लाज वाटली." बस, एवढंच. उपदेश नाही, आरडाओरडा नाही.

भांडणाऱ्याशी भांडता येतं. आपल्यासाठी लाजणाऱ्याचं काय करायचं? एकदा मुख्य इमारतीपुढे एका बड्या साहेबांची गाडी चालूच ठेवलेली होती आणि ड्रायव्हर आत गारव्यात झोपला होता. सरांनी काच वाजवून त्याला उठवलं आणि साहेबांच्या वतीने आपल्याला लाज वाटली, हे साहेबांना कळवायला सांगितलं. त्याने ते कळवलं की नाही, देव जाणे. पण तेव्हापासून सर लांबून दिसले तरी ड्रायव्हरमंडळी "वतनदार आलं" म्हणत पटापट किल्ल्या फिरवून गाड्या बंद करू लागली. सारखं 'वतीनं, वतीनं' करतात म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. लाजेचे वतनदार.

मी मराठी विभागात. माझी स्कूटर होती, पण सरांबरोबर राजारामपुरीत मिसळ खायला जायचं तर मला मुकाट्याने चालावं लागे. तिथे एकदा शेगडी उगाच भडकलेली पाहून सर उठले आणि थेट मालकाकडे गेले. मालक म्हणाला, "पावणं, माझी लाज मी बघतो. तुम्ही मिसळीवर तिखट कट घ्या." सरांनी कट घेतला. चांगला दोनदा घेतला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पृथ्वी तापत चालल्याची बातमी तेव्हा पेपरात आतल्या पानावर कुठेतरी असायची. ती वाचली, की सर दिवसभर ओशाळलेले. एकदा मिसळ खाऊन परतताना मी त्यांना चिडवलं, की तुमच्याकडे साधी सायकल नाही, जग तापतंय त्यात तुमचा काय हात?  तेव्हा सरांनी गावच्या गुऱ्हाळाची गोष्ट सांगितली.

हुपरीच्या पलीकडे एका खेड्यात त्यांच्या थोरल्या भावाचं गूळ करायचं गुऱ्हाळ. जळणाचं उसाचं चिपाड ओलं असलं, की रस आटवायच्या काहिलीखालच्या चुलवाणात जुने टायर पडत. काळा धूर सगळ्या वस्तीवर. त्याच गुळावर धाकटा भाऊ, म्हणजे आमचे सर, एम. ए. झाले. एका हंगामात त्या धाकट्याने चार गिऱ्हाइकांसमोर थोरल्याला ऐकवलं, "दादा, तुझ्या वतीनं मला लाज वाटती." थोरला म्हणाला, लाज वाटत असेल तर हिकडं येऊ नगंस. सर म्हणाले, धूर बंद होईपर्यंत येणार नाही. दोघेही एकाच आईचे, त्यामुळे शब्द दोघांनीही पाळला. आईला दमा. ती तिथेच, त्या धुराशेजारी. तिला आपल्याकडे आणायचं तर थोरल्याशी बोलायला हवं होतं, आणि बोलणं तर बंद.

हे ऐकून त्या दिवसापुरती माझी थट्टा बंद पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, कारण सरांनी पोरांना जमवून व्याख्यान ठरवलं आणि कापडी फलकावर शब्द लिहून घेतले: 'हवापालट: जबाबदारी कुणाची?' पोरं 'हवामानातील बदल' म्हणत होती. सरांना तो शब्द सरकारी वाटला. मी मराठीचा माणूस म्हणून सांगितलं, की सर, हवापालटाला आजारी माणसं पन्हाळ्याला जातात. सर म्हणाले, "आणि पृथ्वी काय धडधाकट हाय?" मराठी विभागाने फलकाचं दुसरं टोक धरलं.

पोरांनी पत्रकं गावोगाव नेली. व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं, पण निम्मे लोक शाल आणि कानटोपी घेऊन आलेले पेन्शनर. पन्हाळ्याची बस किती वाजता, नाष्टा तिथे की इथेच, अशी विचारपूस चाललेली. आम्ही तोंडाला रुमाल लावून बसलो होतो.

सर बोलायला उभे राहिले आणि मागच्या दारातून धोतर नेसलेला एक दणकट माणूस आत आला. एका हाताला धापा टाकणारी म्हातारी, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी. तो मधल्या वाटेने थेट व्यासपीठापर्यंत गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर म्हटला, आईला हवापालट पायजे. तू लोकांस्नी न्हेतोयस म्हणं. तिलाबी घे."

सभागृह हसलं. चांगलं खदखदून हसलं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी त्याला समजावलं, की अहो, हे नुसतं भाषण आहे, जायचं कुठेच नाही. थोरल्या चौगुल्यांनी मान वर करून फलक वाचला आणि त्यांचा चेहरा काळवंडला. इतक्या दिवसांचा अबोला गिळून, एवढ्या शिकलेल्या लोकांत ते आले होते, आणि आम्ही हसत होतो. माझा रुमाल अजून तोंडावरच होता. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. कुणाच्या वतीने नव्हे, माझी स्वतःची. त्यांनी आईच्या कोपराला धरलं. "चल आई," ते म्हणाले.

सर व्यासपीठावरून उतरले.  त्यांनी वाकून आईच्या पायांना हात लावला आणि भावाच्या हातातली पिशवी धरली. भावाने ती सोडली नाही.

"धूर अजून बंद न्हाय झाला," थोरले म्हणाले. "आधीच सांगतो."

"दादा, मी धुराचं इचारलं न्हाय," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आईचं रातचं औषध कंचं, तेवढं मला सांग."

थोरले तिथेच, सगळ्यांसमोर, मधल्या वाटेत खाली बसले आणि पिशवीची गाठ सोडू लागले.