नझीरभाईंची लाईन

नझीरभाईंना आजवर दोन कंडक्टरांनी मधल्याच थांब्यावर उतरवलं आहे. दारूचं कारण नाही, ते थेंबाला शिवत नाहीत. रत्नागिरीच्या बसमध्ये ते हटकून ड्रायव्हरच्या मागची सीट धरतात आणि प्रत्येक वळणाला त्याच्या कानाशी पुटपुटतात, "ब्रेक आधी मारा वो. वळणात नाय." आमच्या पूर्णगडाहून रत्नागिरीपर्यंत वळणं किती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ड्रायव्हरची दया येईल.

शर्यतीत वळणातून गाडी काढायचा जो नेमका मार्ग असतो त्याला लाईन म्हणतात, हे मला त्यांच्याचकडून कळलं. त्यांच्या मते जगातलं सगळं दुःख लाईन चुकल्यामुळे आहे. कुणाचं लग्न मोडलं, लाईन चुकली. कालवण खारट झालं, लाईन चुकली. फळ्यावर लिहिताना माझ्या ओळी वर चढतात, हेही त्यांनी शाळेच्या खिडकीतून पाहून ठेवलेलं. मी त्यांची शेजारीण आणि त्यांच्या मुलीची प्राथमिक शाळेतली बाई, म्हणून मला ते टीचर म्हणतात. पण मान देताना सूट देत नाहीत.

आखातात ते एका शर्यतीच्या ट्रॅकवर टायर उचलायच्या कामाला होते. इतक्या वर्षांत गाडी चालवायला कुणी दिली नाही, बघायला मात्र रोज मिळाली. परत येताना लोक सोनं, अत्तर, ब्लँकेटं आणतात. नझीरभाईंनी एक स्टॉपवॉच आणि लहान मुलाच्या मापाचं जुनं हेल्मेट आणलं, आणि माझ्या तिसरीच्या वर्गातली त्यांची सबा रेसर होणार असं जाहीर केलं. सबाची आई, जमिलाभाभी म्हणाल्या, तिला आधी स्वतःची वेणी घालता येऊ दे.

मग त्यांनी कार्ट बनवली. कार्ट म्हणजे मुलांची शर्यतीची गाडी, बुटकी आणि बिनछपराची. लोखंडी गेट बनवणाऱ्याकडून सांगाडा, शेत नांगरायच्या पॉवर टिलरचं इंजिन, पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. गावावरच्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चिरे मांडून ट्रॅक आखला. सबा दर शनिवारी शाळा बुडवू लागली. अर्जात कारण लिहिलेलं असे, ‘ट्रेनिंग’. मी एकदा चांगली खरडपट्टी काढायला म्हणून सड्यावर गेले. दोन तासांनी स्टॉपवॉच माझ्या हातात होतं, आणि मध्ये येणाऱ्या बकऱ्यांवर मीच ओरडत होते.

गावाला सबाच्या लग्नाची काळजी लागली. असल्या पोरीशी लग्न कोण करील, असं एकाने तोंडावर विचारलं तेव्हा नझीरभाई म्हणाले, जो मागून येईल तो, पुढे जाणारा अजून सापडला नाही. पुढे ती कोल्हापूरकडच्या ट्रॅकवर मुलांना मागे टाकू लागली, मग दक्षिणेत मोठ्या गाड्या चालवू लागली, आणि पेपरात फोटो आल्यावर गावाला एकदम तिचा अभिमान वाटला. नाक्यावर बॅनर लागला. त्यावर सात पुढारी मोठे होते आणि कोपऱ्यात सबा, स्टॅम्पाएवढी. सत्काराला प्रमुख पाहुण्यांनी तिला ‘आपली लाडकी सायकलपटू’ म्हणून शाल दिली. नझीरभाई माझ्या कानात म्हणाले, "लाईन."

कोइमतूरच्या एका टीमने सबाला पगारी रेसर म्हणून घेतलं, तेव्हा नझीरभाईही बरोबर गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मेकॅनिकला नट आवळायला शिकवलं आणि दुसऱ्या रेसरांना त्यांच्या चुका समजावल्या. दुसऱ्या दिवशी टीमच्या साहेबाने त्यांना लांबच्या एका एसी खोलीत बसवून चहा दिला. चौथ्या दिवशी ते एकटेच गावात परत. तिकडचं पाणी मानवलं नाही, असं सगळ्यांना सांगत सुटले.

खरं काय ते सबाने मला फोनवर सांगितलं. परत जा, असं तिनेच त्यांना म्हटलं होतं. "टीचर, अब्बांचा आवाज कानावर आला की मी त्यांच्यासाठी गाडी चालवते. मग फेरीचा वेळ वाढतो." बोलता बोलता ती रडायला लागली. अब्बा काय म्हणाले, असं मी विचारलं. नुसती बॅग भरली, म्हणाली.

त्यानंतर नझीरभाई काही दिवस बसमध्ये अगदी शेवटच्या सीटवर बसले. कंडक्टर घाबरला. त्याने मला विचारलं, भाईंची तब्येत बरी आहे ना.

रविवारी दुपारी सबाची शर्यत होती. त्यांच्या फोनची काच तडकलेली, म्हणून माझ्या ओटीवर, माझ्या मोबाईलवर आम्ही ती पाहिली. सबा बराच वेळ दुसरी होती. शेवटच्या फेरीत तिसऱ्या वळणाला गाडी बाहेर गेली, दोघे पुढे निघाले, ती चौथी आली. नझीरभाईंनी चहाच्या बशीभोवती बिस्किट फिरवून मला तिची चूक दाखवली. ब्रेक कुठे, हात कधी वळवायचा, नजर कुठे हवी, सगळं. दहा मिनिटं झाली असतील. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सबाच होती. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"अब्बा, बघितलंत?"

"बघितलं."

ती म्हणाली, "तिसऱ्या वळणाला माझं काय चुकलं?"

नझीरभाईंचं तोंड उघडलं. बिस्किट अजून बोटांत होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"एवढ्याशा फोनवर मला काय दिसतंय, बाला," ते म्हणाले. "तुझ्या साहेबाला विचार. तो सांगेल तसं कर. जेवलीस काय?"

"नाय अजून."

"मग जेव आधी."

फोन बंद झाल्यावर त्यांनी बिस्किट हळूच पुन्हा बशीच्या काठाला टेकवलं.

"टीचर, ब्रेक उशिरा लावलान तिनं," ते म्हणाले. "परत दाखवतो, बघा."

मी माझा कप बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली.