ठवकर काकांचं कलम

ठवकर काकांच्या मिशीला बेसनाचे कण चिकटलेले असायचे आणि काकू रिकामा डबा पुढे धरून विचारायच्या, "लाडू कोनं खाल्ले?"

"कलम वीस, तीन!" काका छातीवर हात ठेवायचे. "आपल्याच विरुद्ध साक्ष द्याले मले कोनी भाग पाडू शकत नाही. राज्यघटनेत हाये."

"मिशी पुसाचं नाही काय घटनेत?"

भिलाईत ते आमचे शेजारी आणि दुर्गच्या सरकारी कार्यालयात माझे वरिष्ठ. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर; साहेबांसमोर न घाबरता कसं बोलायचं, ते काकांनी शिकवलं. स्वतः मात्र, पत्त्यांत पान कुणी लपवलं, असं काहीही विचारलं तरी एकच उत्तर देत. कलम वीस, तीन.

तेव्हा आमची राजधानी भोपाळ; तिथून एकदा विधानसभेची समिती चौकशीला आली. आमचा शिपाई मंगलू वारला, तरी त्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याची बायको आणि मॅट्रिकला बसणारी मुलगी राहत होत्या. क्वार्टरची चावी परत घेऊन कुणीतरी गुपचूप पुन्हा त्यांनाच दिली होती. ते सिद्ध झालं असतं, तर देणाऱ्याची नोकरी धोक्यात आणि मायलेकी रस्त्यावर. चाव्या असायच्या काकांच्या टेबलात.

अध्यक्षांनी विचारलं, "चाबी आपने दी?"

काका उभे राहिले. "अनुच्छेद बीस, खंड तीन. जवाब नहीं दूँगा."

"वह तो आरोपी के लिए है. आप थोड़े ही आरोपी हैं?"

"साहब, जवाब दे दिया तो हो जाऊँगा!"

समिती खो खो हसली. अध्यक्षांनी चष्मा पुसत सहज विचारलं, "लड़की की परीक्षा कब है?"

"मार्च में, साहब! बाकी सब ठीक है, गणित कच्चा है. रोज शाम को मैं ही तो..."

काकांनी जीभ चावली.

अध्यक्षांनी चष्मा सावकाश डोळ्यांवर चढवला. "पंखा बहुत आवाज़ करता है आपका. कुछ सुनाई नहीं दिया. यह मामला अप्रैल में देखेंगे."

पंखा बंद होता.

ही गोष्ट आमच्याआधी भिलाईत पोचली. आम्ही घरी आलो तेव्हा काकू डबा घेऊन दारातच उभ्या. डबा काठोकाठ भरलेला.

"रोज एक लाडू मिशीले लावून बाकीचे तिकडं नेऊन राहिले होते नं? मले कावून नाही सांगितलं?"

"कलम..." काकांनी सुरुवात केली आणि नकळत मिशी पुसली.

काकूंनी झाकण घट्ट लावून डबा त्यांच्या हातात दिला.

"जा आता. पोरगी वाट पाहून राहिली असंन."