सबनीसकाकांचं पहिलं ‘नको’

सबनीसकाकांच्या तोंडून पहिल्या फटक्यात ‘हो’ निघालेलं मी अजून ऐकलेलं नाही. चहा घेता का? “नको नको.” बरं, बसा तरी. “छे, हा निघालोच.” असं म्हणून पायात बूट तसेच, आणि दारात अर्धा तास गप्पा. दुसऱ्यांदा विचारलं की “कशाला उगाच त्रास!” तिसऱ्यांदा विचारलं की बूट काढतात, कोट खुंटीला लावतात आणि मोठ्या उपकाराच्या स्वरात म्हणतात, “बरं, तुझा आग्रहच आहे तर अर्धा दे.” मी कप भरूनच देते. ते तो तळापर्यंत संपवतात आणि बशीत सांडलेलाही सोडत नाहीत.

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी पाचव्या मजल्यावर, काका बरोबर माझ्या डोक्यावर. मी सांगलीची. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे काकांचं दुखणं मला लगेच उमगलं. पण डच लोकांना कोण सांगणार? ही माणसं सरळ. एकदा विचारतात, आणि तुम्ही नको म्हणालात की तुमच्या शब्दाचा मान राखतात. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे करतील, आणि नको म्हटलंत की झाकण लावून डबा कपाटात. काकांनी आयुष्यभर त्या झाकणाचा आवाज ऐकलाय.

ऑफिसात एकदा साहेबाने विचारलं, “टीमचा प्रमुख होतोस का?” काका लाजून म्हणाले, “छे हो, मी कुठला!” सोमवारी ती खुर्ची दुसऱ्याला मिळाली. “अगं, माणसानं दुसऱ्यांदा विचारायला नको?” हे काका मला अजून सांगतात. तो साहेब रिटायर झाला, काकाही झाले, पण तो प्रश्न अजून नोकरीत आहे!

शैलाकाकू होत्या तोवर निभावलं. कुणाकडे गेलं की काकूच सांगायच्या, “त्यांना हवंय हो, वाढा तुम्ही.” काकू गेल्या आणि काका वाळत चालले. घरात विचारणारंच कुणी नाही, तर नको तरी कुणाला म्हणणार? मी अधूनमधून जेवायला बोलवायचे. पण नोकरी करणारी बाई रोज कुठे पुरी पडते?

आणि अशा माणसाला वेड कशाचं लागावं, तर अमेरिकन रेस्टॉरंटचं! स्टेडियमच्या अंगाला आहे ते. लाल रेक्झिनची बाकं, भिंतीवर जुन्या मोटारींच्या नंबरप्लेटा, आणि मेन्यूकार्डात गाय आणि डुक्कर सोडून बोलायचं नाही. काका शुद्ध शाकाहारी. तरी दर शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून तिथे हजर. व्हेज बर्गर, मक्याचं कणीस, लेमोनेड, आणि कोटाच्या खिशातून निघणारी लसणाच्या चटणीची डबी. मला वाटलं, म्हातारा बिघडला.

“काका, तुमच्यासारख्यानं खावं असं आहे काय हो तिथं?”

“तू ये तर खरी,” ते म्हणाले.

गेले. आणि पाहते तर काय, लेमोनेडचा ग्लास रिकामा झाला की पुन्हा भरून मिळतो, फुकट! ज्या देशात हॉटेलात साधं नळाचं पाणी मागताना आपल्याला चोरट्यासारखं होतं, तिथे हे. पण काकांना फुकटाचं कौतुक नव्हतं.

“इथं विचारतात गं,” काका हळूच म्हणाले. “मधेच येऊन विचारतात. सगळं ठीक आहे ना? अजून आणू का?”

विचारणारी होती फेम्के. ताडमाड उंच, कॉलेजात शिकणारी पोरगी, शनिवार-रविवार इथे काम करायची. पहिल्या शनिवारी तिने विचारलं, “अजून लेमोनेड?” काका म्हणाले, “नको नको.” ती गेली. काका तासभर रिकाम्या ग्लासातला बर्फ चोखत बसले. पुढच्या शनिवारी त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि आपल्या व्याकरणशुद्ध डचमध्ये तिची शिकवणीच घेतली. आमच्याकडे पहिलं नको म्हणजे रीत. दुसरं नको म्हणजे विचारणाऱ्याला खरंच द्यायचंय का, याची परीक्षा. उत्तर असतं ते तिसरं.

“मग पहिल्यांदाच हो का नाही म्हणत?” फेम्केने विचारलं.

“ते मागितल्यासारखं होतं,” काका म्हणाले.

पोरीने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. तेव्हापासून दर शनिवारी हा खेळ रंगायचा. ती लेमोनेडचा जग घेऊन यायची. “अजून?” “नको नको.” ती दोन पावलं जाऊन परत यायची. “नक्की?” काका ग्लासावर आडवा हात धरायचे. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “मिस्टर सबनीस, आता मात्र घ्यायलाच हवं!” हात बाजूला. “बरं, तुझा आग्रहच आहे तर अर्धा.” ग्लास काठोकाठ. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत राहायचे, आणि काकांच्या चेहऱ्यावर पोट भरल्याचं समाधान.

एका शनिवारी मात्र दोन ग्लास झाले तरी चटणीची डबी खिशातच.

“काय झालं, काका?”

“ओंकार ती खोली भाड्यानं देतोय. पुढच्या महिन्यापासून.”

ओंकार त्यांचा मुलगा. इथेच वाढला, आता तासाभरावरच्या आर्नहेम गावी नोकरी, घर, बायको, छोटी मुलगी. घराला खाली एक खोली आहे, बागेकडे उघडणारी.

“काकू गेल्यावर त्यानं विचारलं होतं,” काका म्हणाले. “बाबा, त्या खोलीत राहायला ये म्हणून.”

“मग?”

“मी म्हटलं, नको रे.”

“मग?”

“मग काय? तो ‘ओके’ म्हणाला.”

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे दोन वर्षं हा माणूस सहाव्या मजल्यावर बसून दुसऱ्या विचारण्याची वाट बघतोय! आणि तिकडे तो लेक बापाच्या शब्दाचा मान राखून बसलाय!

“अहो, मग सांगा की त्याला! नाहीतर मी करते फोन.”

“खबरदार!” काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. “सांगून करून घेतलेला आग्रह म्हणजे काय आग्रह? तुला शपथ आहे माझी.”

शपथ घातली म्हटल्यावर माझं तोंड बंद. रात्रंदिवस जीव नुसता चडफडत होता. पण ओंकारला पुढच्या शनिवारी इकडे काम निघालं आणि काका त्याला जेवायला तिथेच घेऊन आले. मीही गेले. शपथ न बोलण्याची होती, न जेवण्याची नव्हती.

ओंकारला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये देतो. पोरगा गुणी आहे. बापाला बर्गर कापून दिला, चटणी चाखून नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. खोलीचा विषय कुणी काढला नाही. तेवढ्यात फेम्के जग घेऊन आली.

“अजून?”

“नको नको.”

ती वळली आणि परत आली. ओंकार तिला म्हणाला, “अहो, ते नको म्हणालेत.”

“हो, पण ते पहिलं होतं,” फेम्के म्हणाली. आणि काकांनी दिलेला सगळा धडा तिने ओंकारला घडाघडा म्हणून दाखवला. रीत, परीक्षा, उत्तर. “तुम्ही त्यांचा मुलगा ना? तुम्हाला माहीत नाही?”

ओंकारचा काटा हातातच राहिला. त्याने बापाकडे बघितलं. काका मक्याच्या कणसाचं बारकाईने निरीक्षण करत होते.

“बाबा,” तो डचमध्येच म्हणाला, “ती खालची खोली. अजून कुणाला दिलेली नाही. येतोस?”

“नको रे,” काका म्हणाले, आणि हात ग्लासावर आडवा. “तुम्हा दोघांना कशाला त्रास.”

फेम्के जग धरून तशीच उभी. टेबलाखाली मी पदर नसताना पदराचं टोक शोधत होते. बोल रे बाबा, बोल एकदाचा!

ओंकार बाकावर पुढे सरकला. बापाचा तो हात ग्लासावरून उचलून आपल्या हातात घेतला. आणि कधी नव्हे ते मराठीत, शब्द चाचपडत म्हणाला, “बाबा, ये ना. मला पाहिजे. तू घरी पाहिजे.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घसा खाकरला.

“बरं,” ते म्हणाले. “तुझा आग्रहच आहे तर... अर्धा आठवडा येतो.”

ओंकार हसला आणि मान हलवून म्हणाला, ठीक आहे, अर्धा तर अर्धा. फेम्केने माझ्याकडे बघितलं आणि ग्लास काठोकाठ भरला. मला इतका आनंद झाला की तिथेच रडू कोसळलं. काकांचं अर्धं म्हणजे किती, ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.