रिझनच्या रिक्षातलं देवीचं गाणं

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण रिझनची गोष्ट सांगायला भारी शब्द लागतही नाहीत.

आमच्या सिवान शहरात स्पीकर नसलेल्या ई-रिक्षात कुणी बसत नाही. रिझन महतोच्या रिक्षात दोन होते आणि त्यांतून दिवसभर जी चावट गाणी वाजत, ती ऐकून तो स्वतःच कानापर्यंत लाल व्हायचा. (लाजाळू इतका, की भाडं मागतानाही हँडलकडे बघायचा.) शाळेची पाच पोरं रोज याच रिक्षात. त्यांना पाढे येत नव्हते, गाणी येत होती.

त्या दिवशी मुलीकडचे रिझनला बघायला येणार होते. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता; एकीकडून मुलगा बोलत नाही म्हणून, दुसरीकडून बोलला ते ऐकूच आलं नाही म्हणून. हे स्थळ घालवलंस तर पुढचं तूच शोध, असं आईने बजावलं होतं. मुलीचे वडील सुखल भगत म्हणजे गळ्यात तुळशीची कंठी, पानात कांदासुद्धा नाही. सोबत त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, सोनमतिया फुआ. त्यांची बस नेमकी शाळा सुटायच्या वेळी आली. रिझनने ठरवलं, पोरं आणि पाहुणे एकाच फेरीत नेऊ. आणि भगतांवर छाप पडावी म्हणून देवीचं गाणं लावू.

इथेच घात झाला. आमच्याकडे एखादं चावट गाणं गाजलं, की नवरात्रात तोच गायक त्याच चालीवर देवीचं गाणं काढतो. चाल तीच, ढोलक तीच, फक्त खाटेच्या जागी सिंहासन येतं. रिझनने सिंहासनाचं लावलं. भगतांनी डोळे मिटून हात जोडले. पोरांनी मात्र जे पाठ होतं तेच धरलं:

"हळू जरा हो भाऊजी, खाट करकरते,
दिवा मालवा हो भाऊजी, सासू खाकरते..."

भगतांचे जोडलेले हात सुटले. रिझनने घाईघाईने स्पीकर बंद केला. त्यामुळे देवी तेवढी गेली आणि खाट स्वच्छ ऐकू येऊ लागली.

सगळ्यांत मोठा आवाज टुनियाचा, वय वर्षं सहा. भगतांनी तिला विचारलं, की बाळ, याचा अर्थ तरी कळतो का.

"कळतो की," टुनिया म्हणाली. "आमच्या आजोबांची पण करकरते. हे गाण्यातले सुताराला बोलवायचं सोडून दिवा मालवतात. अंधारात खिळा कसा दिसणार?"

भगतांनी रिक्षा परत बस स्टँडकडे घ्यायला सांगितली. रिझनने वळवली. (सांगितलेलं ऐकायची सवय.) काहीतरी बोलायला हवं, नाहीतर हेही गेलं, हे त्याला कळत होतं. त्याने तोंड उघडलं आणि हॉर्न वाजवला.

तेवढ्यात फुआ पोरांकडे वळल्या. "याला गाणं म्हणतात होय रे? ना नाव, ना गाव. शिव्याच गायच्या तर नवरदेवाचं नाव घालून गाव्यात." आणि त्यांनी सूर लावला. आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका नवऱ्याच्या वऱ्हाडाला गाण्यातून शिव्या घालतात. नाही घातल्या तर वऱ्हाड रुसतं. त्यासाठी फुआंना गावोगावहून बोलावणं असे.

"रिझन नवरा आला गं, फुंकरीनं उडाला गं,
त्याच्या आईनं पदराला गाठ मारून बांधला गं..."

पोरांनी ते दुसऱ्या खेपेलाच उचललं. भगत डोकं धरून बसले. अशी नाव घेऊन शिवी फक्त सोयऱ्याला गायची, परक्याला नाही. बहिणीने भर बाजारात सोयरीक गाऊन टाकली होती.

"सुखल, आता उतरून करतोस काय?" फुआ म्हणाल्या. मग रिझनकडे वळून, "बबुआ, घर कुठे तुझं? लाडू तरी खाऊ."

संध्याकाळपर्यंत लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिझनने आधी दोन्ही स्पीकर काढून घरात ठेवले. पोरं बसली, शांतता बघून जरा विचारात पडली आणि मग पाचही जणांनी फुआंचं गाणं सुरू केलं. चौकात पानवाल्याने हसत विचारलं, हा फुंकरीनं उडणारा रिझन कोण रे बाबा?

रिझनने हँडलकडे बघत सांगितलं, "असेल कुणीतरी. पलीकडच्या स्टँडवरचा."

"नाही हो काका," टुनिया मागून ओरडली, "हाच तो. जरा फुंकून बघा."