शेंडीचा पुरावा

बापूसाहेब वकील समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत, डोक्याकडे बघत. मी त्यांचा ज्युनिअर म्हणून बालाघाटच्या कोर्टात पहिल्या दिवशी गेलो, तर नमस्कार घ्यायच्या आधीच त्यांनी माझी मान वाकवली आणि म्हणाले, "चार बोटं. म्हंजे सात-आठ महिन्यांचा इतिहास हाय इथं." मला वाटलं, उवा बघतायत.

कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि माणसानं नशा केली असेल तर तिची खूण त्या त्या लांबीत राहून जाते. तेव्हापासून हा गृहस्थ झपाटला. पक्षकार असो की चहावाला, "माणसाले नोको विचारू, त्याच्या केसाले विचार," हे ठरलेलं. बाररूममधले टकले वकील मुद्दाम डोकं पुढे करून म्हणत, "विचारा, बापूसाहेब!" बापूसाहेब हसत नसत. घरी एकटेच असल्यामुळे हसायची सवय मोडली असावी, असा माझा तर्क होता.

मग रामेश्वर आला. लालबर्र्याचा मोटारसायकल मिस्त्री. ब्राउन शुगरच्या पायी घराची धूळधाण केलेली, बायको वारलेली आणि सहा वर्षांची पोर लांजीला सासऱ्याकडे. आता नशा सोडली म्हणत होता. सासरा म्हणे, "गर्दुल्याच्या शब्दावर नात देऊ काय?" खरं सांगतो, मीसुद्धा दिली नसती.

बापूसाहेबांनी मुलीच्या ताब्यासाठी दावा लावला, केसांच्या तपासणीचा अर्ज दिला आणि रामेश्वरला बजावलं, "डोक्याले कैची लावू नोको." तारखांवर तारखा पडत गेल्या. दहा महिन्यांत रामेश्वर पक्का बैरागी दिसू लागला. आणि तपासणीचा हुकूम पंधरवड्यावर आला असताना त्याचा बाप गेला. हा एकुलता एक मुलगा. दहाव्याला मुंडण आलंच.

दहाव्याच्याच सकाळी मी ही बातमी सांगितली तेव्हा बापूसाहेब खुर्चीतून उठलेच. "अरे, पुरावा चालला नदीत! काढ स्कूटर!"

वैनगंगेच्या घाटावर पोचलो तेव्हा न्हाव्यानं अर्धं डोकं उरकलं होतं. जन्मभर कर्मकांडाची टिंगल करणारा हा माणूस भटजींपुढे हात जोडून उभा राहिला. "महाराज, शेंडी शास्त्रात हाय ना? मंग मूठभर ठेवा!" लगेच न्हाव्याकडे वळून, "भैया, चोटी मोटी छोड़ना! और मोटी!" भटजी गहिवरले. इतकी श्रद्धा आता कुठे राहिली आहे, असं मला म्हणाले.

तुळतुळीत डोकं आणि मागे घोड्याच्या शेपटीएवढी शेंडी, असा रामेश्वर दुकानात बसू लागला. गिऱ्हाईकं ती ओढून बघत. तो मुकाट्यानं नटबोल्ट पिळत राही. हुकूम झाला तेव्हा सरकारी डॉक्टरांनी ती शेंडी दोऱ्यानं बांधली, मुळाकडे खूण केली आणि कापून लिफाफ्यात बंद केली. अहवाल आला. टोकाकडे नशेची खूण होती, मुळाकडच्या दहा महिन्यांत काही नव्हतं.

पोर बापाला मिळाली. कोर्टाच्या वऱ्हांड्यात ती आधी त्याच्याजवळ जाईना. मग तिनं त्याच्या डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवला आणि खुदकन हसली. रामेश्वर जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. बापूसाहेब मात्र केव्हाच निघून गेले होते.

मी पेढे घेऊन ऑफिसात गेलो. टेबलाचा जो खण ते आम्हाला कधी उघडू देत नसत, तो उघडा होता. बापूसाहेबांसमोर कागदावर एक जुना कंगवा होता, दातांत काळे केस अडकलेला.

"सुधीरचा," ते म्हणाले. त्यांचा मुलगा बसच्या अपघातात गेला, एवढंच मला ठाऊक होतं. "त्यालेही हेच व्यसन लागलं होतं. नागपूरहून आला, म्हणे, बाबा, सोडलं मी. मी म्हटलं, पुरावा काय? सकाळी पयल्या बसनं निंगून गेला."

ती बस कुठली, हे विचारायची गरज नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बापूसाहेब, हे केस तपासायला पाठवू या का?"

"काहून?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "त्यानं सांगतलं ना, सोडलं म्हणून."